सोळा दिवसांत पान सतरा

शनिवार, १ ऑक्टोबर १९८३

कॅन्टीनमध्ये वाद झाला. मी जिंकलो. समोरच्यांच्या लक्षात अजून आलेलं नाही.

मुद्दा साधा. सोमवारपासून गिअर कापायचं नवं मशीन चालू होतंय. जुनी लेथ निघाली. तिच्यावर चौदा वर्षं काम केलेला नियाज शेख आता नव्या मशीनवर जाणार. कुठल्या कामाला किती वेळ लागावा हे ठरवणारं वर्क स्टडी खातं माझं, म्हणून नियाजचा शिकाऊ काळ मी काढून दिला: अकरा दिवस. बाराव्या दिवसापासून रोज बत्तीस गिअर. नाही निघाले तर नियाज पॅकिंगला आणि मशीनवर दुसरा माणूस. पॅकिंगला खोक्यांना खिळे ठोकायचे असतात.

युनियनचा कोंडाजी गांगुर्डे म्हणाला, तीन महिने पायजेत साहेब, हात बसायला येळ लागतो. मी म्हटलं, हात बसणे अशी नोंद कुठल्याही टेबलात नाही. कामाचे तुकडे करा, तुकड्याला मिनिटं लावा, बेरीज करा. कुठलंही काम असू दे. तो म्हणाला, कुठलंबी? मी म्हटलं, कुठलंही.

मग त्याने पियानोचा विषय काढला. त्याची पोरगी शरणपूरकडे मिशनच्या शाळेत जाते. तिथल्या गॅदरिंगला एक बाई पियानो वाजवत होत्या. उजवा हात एक काम करतो, डावा भलतंच, अन् खाली पाय तिसरंच. ते किती दिवसांत व्हईल सांगा, आन् नुसतं सांगू नका, करून दाखवा. वर्क्स मॅनेजर मेहेंदळे साहेब शेजारीच चहा पीत होते. त्यांनी हसत हसत निकालच लावला. सोनजे, तुम्ही काढलेल्या वेळात तुम्ही वाजवलंत तर अकरा दिवस पक्के. नाही तर युनियनची कमिटी म्हणते ते तीन महिने. तोपर्यंत नियाजच्या शिकाऊ काळाच्या शीटवर सही नाही.

नियाजने ग्लास विसळून ठेवला आणि गेला. त्याला माझ्या पद्धतीवर विश्वास असावा.

रविवार, २ ऑक्टोबर

सकाळी मिस एस्थर हिवाळे यांच्याकडे गेलो. गॅदरिंगच्या बाई याच. पन्नाशीच्या, फार बोलत नाहीत. शाळेच्या हॉलमधला पियानो दर मंगळवार-शुक्रवार साडेपाच ते सहा वापरू देणार आहेत. स्वरलिपी वाचायची कशी ते एका तासात दाखवलं. कुठला ठिपका म्हणजे कुठली पट्टी, एवढंच मला हवं होतं. ड्रॉइंग वाचणाऱ्याला जड नाही.

मग त्यांचं स्वरलिपीचं पुस्तक चाळून काम निवडलं. पान चार: काळ्या ठिपक्यांची नुसती गर्दी, मुंग्यांची रांग. अवघड. पान सतरा: ठिपके कमी, त्यातले पुष्कळ आतून पोकळ, म्हणजे शाईसुद्धा पूर्ण भरलेली नाही. वर लिहिलंय, अगदी सावकाश वाजवावे. सोपं. पान सतरा घेतलं.

मिस म्हणाल्या, पान चार आमच्या तिसरीच्या मुली वाजवतात. पान सतरा मी स्वतः वीस वर्षं वाजवतेय, आणि अजून माझं समाधान होत नाही. बाईंना वर्क स्टडीचं ट्रेनिंग नाही. इलाज नाही.

दुपारी हिशेब. पान सतरामध्ये एकूण स्वर ४१८ (दोनदा मोजले). प्रत्येक स्वर वीस वेळा दाबला की पक्का. जेवणाच्या टेबलावर शंभर वेळा बोट दाबून पाहिलं, पाच मिनिटं लागली, म्हणजे एका दाबाला ०.०५ मिनिट. एकूण ४१८ मिनिटं. त्यावर थकवा आणि किरकोळ बाबी मिळून पंधरा टक्के. झाले आठ तास. म्हणजे नेमकी एक शिफ्ट! अंगावर काटा आला. सौ.ला बोलावून आकडा दाखवला. ती म्हणाली, टेबलावर डाग पडलेत ते आधी पुसा.

रोज अर्धा तास, सोळा दिवस. पान सतराचे खण, म्हणजे दोन उभ्या रेघांमधले तुकडे, बत्तीस. रोज दोन खण. एक खण झाला की तयार माल म्हणून जमा, परत त्याला हात लावायचा नाही. उजवा हात सकाळी, डावा संध्याकाळी, वेगवेगळे. शुक्रवार २१ला दोन्ही हातांची आणि सगळ्या खणांची फायनल असेंब्ली. शनिवार २२ला डिलिव्हरी.

पायाचं काम किरकोळ. स्कूटरचा ब्रेक बारा वर्षं उजव्याच पायाने मारतोय.

सोमवार, ३ ऑक्टोबर

नियाज नव्या मशीनवर. पहिला दिवस: सहा गिअर, त्यातले दोन बाद. अपेक्षित होतं.

माझा पहिला दिवस: खण १ आणि २. प्रत्यक्ष प्रॅक्टिस नाही, कारण घरी पियानो नाही. ड्रॉइंग ऑफिसकडून पट्ट्यांचं फुल साइज ड्रॉइंग करून घेतलं, प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवली. त्यातच संध्याकाळ झाली. तयारी हा कामाचाच भाग आहे. अर्धा तास मांडला.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

शाळेत वेळेवर पोचलो. हॉलला कुलूप. वॉचमन किल्ली घेऊन नमाजला गेला होता. वीस मिनिटं पायरीवर बसलो, पण बसल्या बसल्या मनात खण ३ वाजवत होतो. वेळ प्रॅक्टिसमध्ये धरला.

फॅक्टरीत नियाज म्हणाला, साहेब, माल यायला रोज पाऊण तास लागतो, क्रेन मोकळी नसते, तेवढं माझ्या वेळातून वजा करा. नाकारलं. वाट बघण्याला काम म्हणत नाहीत.

गुरुवार, ६ ऑक्टोबर. सकाळी ६.१०

पुठ्ठ्यावर चार दिवसांत एकही चूक नाही. रिजेक्शन शून्य. असा आकडा मी फॅक्टरीत कधी पाहिलेला नाही.

सौ.ला दाखवायला बसलो. पाच मिनिटं बघितलं तिने. म्हणाली, आवाज नाही त्यामुळे बरं वाटतंय. हे कौतुकच मानतो.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

पहिल्यांदा खऱ्या पियानोवर. मिस शेजारी बसल्या होत्या. खण ९, उजवा हात. निम्मे स्वर वाजलेच नाहीत. पट्ट्या जड आहेत. पुठ्ठ्याची पट्टी जड नसते, ही प्रिंटची मर्यादा. म्हणून जोरात दाबल्या. मिस दचकल्या. इतक्या जोरात नको म्हणाल्या. मग हळू दाबल्या, तर परत आवाज नाही. या पियानोत मधली अवस्थाच नाही. मशीन जुनं आहे, १९३० सालचं म्हणतात. तसा शेरा लिहून ठेवला.

नियाज: अकरा गिअर.

शनिवार, ८ ऑक्टोबर

पाहुणे. सौ.चे बंधू पेठहून आले, सोबत आदिवासी भागातली काकडी आणि गप्पा. वेळ गेला. खण ११ आणि १२ सोपे दिसतात, नजरेनेच जमा केले. किरकोळ बाबींसाठी पंधरा टक्के ठेवलेत ते यासाठीच.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

मिस म्हणाल्या, पहिल्यापासून वाजवा. मी म्हटलं, पहिले चौदा खण जमा झालेत, त्यांना आता हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, निदान एक आणि दोन. वाजवले. एक झाला, हात उचलला, कागद बघितला, बोटं लावली, मग दोन. मिसनी विचारलं, मध्ये थांबलात का? सांगितलं, तो सेटिंग टाइम. एका कामावरून दुसऱ्यावर जाताना लागतो. आणि जोड मारणं २१ तारखेला आहे.

मिसनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होत्या. मग म्हणाल्या, सोनजे, तुम्ही हे ऐकता का हो वाजवताना? मी म्हटलं, मी मोजतो. दोन्ही एकदम कसं होणार?

गुरुवार, १३ ऑक्टोबर

नियाज ऑफिसात आला होता, गिअरचं ड्रॉइंग घेऊन. टेबलावर पुठ्ठा होता, माझी बोटं त्यावर. त्याने मिनिटभर बघितलं. म्हणाला, साहेब, माफ करा, मनगट लय कडक धरता तुम्ही. ज़ोर मत लगाओ. मीपण नवीन मशीनवर पहिले आठ दिवस रेटत होतो. आता आवाजावरून समजतं, कटर कधी खुश आहे, कधी नाराज. कान द्या त्याला.

सांगितलं, पुठ्ठ्याला आवाज नसतो.

तो म्हणाला, तेच तर. मग कान कुठं देणार?

माणूस सरळ आहे. पण स्वतःच्या अडचणी दुसऱ्याच्या कामात बघायची सवय बरी नव्हे. त्याचा आजचा आकडा अठरा. बत्तीसच्या जवळपासही नाही, आणि उद्या अकरावा दिवस.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

नियाज: एकोणीस. अकरा दिवस संपले. मेहेंदळे साहेबांकडे शीट पाठवली. सही २२ला, माझ्या डिलिव्हरीनंतर.

पॅकिंगवाल्यांनी नियाजसाठी हातोडी काढून ठेवली म्हणे. कोंडाजी येऊन सांगून गेला. हे मला सांगायचं कारण कळलं नाही. दिवसभर मात्र डोक्यात तेच राहिलं, त्यामुळे खण २२चा डावा हात राहून गेला.

शनिवार, १५ ऑक्टोबर. खंडेनवमी

फॅक्टरीत मशीनची पूजा. नियाजने आपलं नवं मशीन स्वतः पुसलं, रॉकेलने, दात न् दात. झेंडूची माळ त्यानेच बांधली. पेढा देताना माझ्याकडे बघून म्हणाला, चांगली मशीन आहे साहेब, समजायला लागली होती. होती म्हणाला.

घरी आलो तर सौ.ने विळी, शिलाई मशीन, माझं स्टॉपवॉच आणि पुठ्ठा असं सगळं पाटावर मांडून पूजा केलेली. पुठ्ठ्यावर हळदकुंकू. पूजेला मांडलेलं अवजार वापरायचं नसतं. खण २३ आणि २४ धार्मिक कारणाने पुढे ढकलले.

रविवार, १६ ऑक्टोबर. दसरा

रविवार प्लॅनमध्ये नाही. श्रीखंड. दुपारी झोप.

सोमवार, १७ ऑक्टोबर. मोहरम

फॅक्टरी बंद. मागची थकबाकी भरून काढायचा दिवस. सकाळी नऊला बसलो. पुठ्ठ्यावर नेमक्या तीन पट्ट्यांवर कुंकू पडलंय, त्या पट्ट्या आता लाल दिसतात आणि बोट तिथेच जातं. ओल्या फडक्याने पुसलं तर प्रिंटच गेली. सबब या तीन पट्ट्या अंदाजाने.

बुधवार, १९ ऑक्टोबर

खण ३० पर्यंत जमा (नजरेने धरून). प्लॅननुसार उद्या उत्पादन पूर्ण.

काल मिसकडे एक प्रयोग केला. सहज म्हणून खण ३ वाजवायला गेलो, आणि तो आठवेचना. स्टोअरमध्ये ठेवलेला माल परवा काढायचा तर गंजलेला. मिसना सांगितलं, साठवणुकीचा दोष आहे. त्या हसल्या नाहीत, याचंच वाईट वाटलं.

कोंडाजी जाता जाता म्हणाला, शनवारी आमी समदे येणार हाय, नव्वा शर्ट घालून या.

गुरुवार, २० ऑक्टोबर. संध्याकाळी ७.००

उत्पादन पूर्ण. बत्तीस खण, सोळा दिवस, प्रत्यक्ष वेळ ७ तास ५० मिनिटं (पायरी, पाहुणे आणि पूजा धरून). प्लॅनपेक्षा दहा मिनिटं वाचली.

तरी आज पहिल्यांदा भीती वाटली. कारण शोधलं, सापडलं नाही. सौ.ने विचारलं, त्या नियाजचं काय होणार? म्हटलं, ते शीट ठरवेल. ती म्हणाली, शीट तुम्हीच भरता ना? भाजी निवडत होती, वर बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर. फायनल असेंब्ली

डावा आणि उजवा हात एकत्र बसत नाहीत.

कारणं: (१) डावा आधी संपतो. (२) उजवा चालू असला की डावा ऐकत नाही, तो बघत बसतो. (३) पाय ब्रेक मारतो, म्हणजे थांबवायला जातो, आणि इथे तर पाय दाबला की आवाज चालूच राहतो. उलटी रचना आहे.

साडेसहाला मिस म्हणाल्या, आता बंद करा. त्यांना विचारलं, उद्यापर्यंत होईल? त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, घरी जाऊन जेवा नीट.

शनिवार, २२ ऑक्टोबर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

साडेपाचला हॉलमध्ये कोंडाजी, कमिटीचे सहा जण, नियाज, मेहेंदळे साहेब आणि मिस. नियाज मागच्या बाकावर. पांढरा शर्ट, इस्त्रीचा.

मी बसलो. पहिला खण चांगला गेला. थांबलो. दुसरा. थांबलो. पाचव्यापासून दोन हात दोन दिशांना. अकराव्याला उजवा हात अकरावर, डावा चौदावर. मी दोघांनाही सोडून दिलं. नजरेने जमा केलेले खण नजरेनेच वाजवले, म्हणजे त्यांचा आवाज आला नाही. तीन मिनिटांच्या कामाला साडेनऊ मिनिटं लागली. पण शेवटचा स्वर वाजवला आणि उठलो.

आणि टाळ्या! खरंच टाळ्या. कोंडाजी उठून म्हणाला, वाजलं ब्वा. मिस सोडून यातल्या कुणीच पान सतरा आधी ऐकलेलं नव्हतं. हे पान असंच अडखळत वाजतं, असं त्यांना वाटलं. कोंडाजीचा चेहरा पडला होता, पण तो शब्दाचा पक्का. म्हणाला, ठीक हाय साहेब, अकरा दिवस. मेहेंदळे साहेबांनी शीट आणि पेन माझ्यापुढे केलं.

पेन उघडलं मी. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मी म्हणेन की उघडलं नव्हतं.

तेवढ्यात मागून नियाज म्हणाला, बाई, तुम्हीपण एकदा वाजवा ना. आलोच आहोत तर.

मिस बसल्या. तेच पान. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. त्या सावकाश वाजवत होत्या आणि तरी कुठेही थांबत नव्हत्या. मी मोजलेले ते बत्तीस खण तिथे नव्हतेच. ते पोकळ ठिपके म्हणजे नुसता दाबून ठेवलेला आवाज, आणि तो संपायच्या आत पुढचा आलेला. खिशात स्टॉपवॉच होतं. चालू करायचं राहिलं.

संपलं. मग कमिटीतला एक जण माझ्याकडे बघून खुदकन हसला, मग दुसरा, मग कोंडाजी तर बाक बडवून हसायला लागला. म्हणाला, ह्ये व्हय पान सतरा! मंग साहेबांनी काय वाजवलं? मेहेंदळे साहेब रुमालात हसले. मी उभाच. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

नियाज उठला. म्हणाला, हसू नका. कोंडाजीभाऊ, हसू नका. साहेबांना दिवस किती मिळाले? सोळाच ना? सोळा दिवसांत हे कसं येईल? त्यांचा हात अजून बसला नाही. उन्हें टाइम तो दो.

हसणं थांबलं. मी शीटवर अकरा खोडलं, तीन महिने लिहिलं, सही केली. अक्षर नीट आलं नाही.

सोमवार, २४ ऑक्टोबर

शिकाऊ काळात सुधारणा केल्याची नोट मेहेंदळे साहेबांना पाठवली. कारण: नवीन आकडेवारी उपलब्ध झाल्यामुळे. आकडेवारीत मी आहे, असं लिहिलं नाही.

नियाजच्या मशीनपाशी गेलो. त्याने विचारलं, घड्याळ लावणार का? म्हटलं, नाही, असाच आलो. थोडा वेळ उभा राहून आवाज ऐकला. मला त्यातलं काही कळलं नाही. त्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून क्रेनचा पाऊण तास वजा होईल. तो जी म्हणाला आणि पुढचा गिअर चढवला. आज पंचवीस.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

साडेपाचला मिसकडे. मी पान सतरा उघडलं, त्यांनी पुस्तक मिटलं. पान चार म्हटलं, तर तेही नाही. एक पट्टी दाखवली, मधली, पांढरी. म्हणाल्या, ही वाजवा. किती वेळा ते विचारलं. म्हणाल्या, चांगली वाजेपर्यंत.

अर्धा तास ती एकच पट्टी दाबली. अजून चांगली वाजलेली नाही.